डाव्या हाताचा मोजा

हॅलो?… हां, बोल गं. नाही, कामात कसली, हातमोजे शिवतेय… हातमोजे. हो, घरीच. विकत मिळतात, माहितेय मला. पण विकतच्याला बोटं पाच असतात, आणि तुझ्या भावजींच्या डाव्या हाताला तीन.

अगं, परवा लेकीचं ट्रेनिंग संपतंय ना, जहाजावरची अधिकारी होतेय. दोन्ही खांद्यांवर बिल्ले आईबापानं लावायचे, एकेकानं एकेक. तेही पांढरे हातमोजे घालून. निमंत्रणावर छापलंय तसं… आणि हे म्हणतात, दोन्ही तूच लाव, मी मागे खुर्ची धरून बसतो… मीही तेच म्हटलं, खुर्ची कोण पळवणारेय?

हो, हो… अगं ऐक ना. माप घेतलं की. उजव्या हाताचं. कागदावर पंजा ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, आणि तोच कागद उलटा करून डावा कापायचा. पुस्तकात तसंच दिलंय… डावा कुठे देतात ते? पंधरा वर्षं झाली मशीनमध्ये बोटं गेल्याला. मी लग्नाची बायको, पण मलाही तो हात धड बघायला मिळालेला नाही. जेवताना मांडीवर, फोटोत पाठीमागे, एरवी खिशात.

मग काय, डावाही पाच बोटांचाच झाला… तूच म्हणालीस ना, रिकाम्या बोटांत कापूस भर? भरला. चांगला ठासून. दिसायला अगदी सुरेख… ह्यांनी घालून बघितला ना मघाशी. कप उचलायला गेले तर तीन बोटं वाकली आणि दोन ताठ. रुसलेल्या व्याह्यांसारखी… हसू नकोस. मी नाही हसले. मी आत जाऊन हसले.

नाही गं, चिडले नाहीत. चिडले असते तर परवडलं असतं. मोजा तसाच हातात घालून समोर बसलेत. लेकीला कळव म्हणाले, बाबांना ताप आहे. परवाचा ताप, आजच… नाही कळवलं. जीव तुटतो गं माझा. पोरगी सकाळीच विचारत होती, बाबा कुठल्या खांद्याला लावणार म्हणून.

थांब जरा… काही नाही, कात्री घेतली त्यांनी. अहो, कापडाची आहे ती, कागद नका कापू… कागद नाही कापत. मोजाच कापतायत… अगं घातलेलाच. नाही, नाही, त्यांना काही लागलं नाही, कापसाची बोटं कापतायत. करंगळी गेली… शेजारचंही गेलं. टेबलभर कापूस.

काय म्हणालात?… तुला नाही गं, ह्यांना विचारतेय.

म्हणाले, “माझी बोटं इथपर्यंतच आहेत. इथेच शिव.”

…आहे, आहे मी. ऐकतेय… नाही, मोजा काढत नाहीत. हात तसाच पुढे केलाय, खिडकीच्या उजेडात. हो, डावाच… रडतेस काय? मी रडतेय का? मला सुईत दोरा ओवायचाय, डोळ्यांत पाणी आलं तर ओवणार कोण?

हो, सांगेन लेकीला. डावा खांदा बाबांचा… बरं, ठेव आता. एका हातात फोन, एका हातात सुई, मग ह्यांचा हात कशानं धरू मी?