सभेला कोण जाणार?

दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. मनात नामस्मरण चालू होतं, पण कान शेजारी गेले. तिथं एक म्हातारी भाजीवाली आणि तिची नगरसेविका सून बसल्या होत्या.

"आई, आज सभेला मीच जाणार आहे."

"दरवेळी माझा लेक जातोच की तुझ्या जागी."

"ह्यांनी रस्ते मागितले, दिवे मागितले. बाजारात बायकांसाठी संडास मागायचा म्हटलं की ह्यांना लाज वाटते."

"मग बाईमाणसानं चारचौघांत तो विषय काढायचा? लोक तोंडात शेण घालतील."

"मागच्या खेपेला डॉक्टरांनी तुम्हाला काय विचारलं होतं?"

"पाणी किती पिता, म्हणाले."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"भरपूर पिते म्हटलं."

"आई."

"अगं, पाणी पिऊन जायचं कुठं? बाजार उठेपर्यंत आम्ही कुणीच घोटभर घेत नाही. सवय झालीये."

"त्या सवयीचाच मुतखडा झालाय तुम्हाला."

"हळू बोल, लोक ऐकतात."

मी नजर खाली वळवली. म्हातारीनं आपला फोन सुनेच्या हातात दिला.

"माझ्या लेकाला फोन लाव."

"कशाला?"

"आज भाजीपाशी तू बस म्हणावं. सभेला आम्ही दोघी जातोय."