क्लारा शिकली ती रीत

आमी मूळचे तिकोणा पेठेचेच. धरण झालं तवा जमीन पाण्यात गेली, राहिला तो गडाच्या पायथ्याचा तुकडा, त्यातच आमचं घर. माझ्या आज्यानं छप्पन्न सालात धम्म घेतला, घरातले देव पवनेत सोडून आला, आणि त्यानंतर कुणापुढं मान खाली घातली न्हाई, असं आई सांगती. मी घातली. तेच सांगायचंय, म्हणून तर बसलोय तुमच्यापुढं.

आंबीला कंपनीत ठेक्यावर चौदा वर्षं काढली, मग ठेका गेला, तवा घराला दोन खोल्या जोडल्या, अंगणात तंबू ठोकले, गडावर येणारी माणसं उतरायला लागली. लोणावळ्याचा एक एजंट गिऱ्हाईक पाठवायचा. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, भाऊ, जेवण घरचं हाय, लोक विचारतात कुणाच्या हातचं, तेवढं सांभाळा. काय सांभाळायचं ते मला बरोबर कळलं. मी पाटील झालो. पुढच्या खोलीतल्या दोन तसबिरी, आमच्या बौद्धांच्या घरात असतात त्या, आत आईच्या खोलीत नेल्या. आईला म्हणलं, भिंतीला ओल येती. आईनं पदरानं दोन्हीच्या काचा पुसल्या.

मग ही पोरगी आली. क्लारा, पोलंडची, बावीस वर्षांची, एकटीच पाठीला पिशवी लावून जग बघत निघालेली. दोन दिवसांसाठी आलती, राहिली अडीच महिने, आणि झोपायची आईच्या खोलीत, वेगळी खोली नकोच म्हणाली. काय सांगू तुमाला, पहिले आठ दिवस बघवत नव्हतं. मांडी घालून बसली की पायाला मुंग्या, आमटीभात खाताना आमटी कोपरापतुर, आंघोळीला बसली की अख्खी न्हाणी भिजायची आणि ही आपली कोरडीच. भाकरी वाढली की थँक्यू, पाणी दिलं की थँक्यू. आई म्हणली, अगं घरात कसलं थँक्यू, परकी हायेस व्हय? त्या दिवसापासून बंद. एसटीच्या थांब्यावर बाया विचारायच्या, लगीन झालं का, आईबापानं एकटीला सोडलीच कशी. आधी रडकुंडीला यायची, मग उलटं विचारायला शिकली, मावशी, तुमची सून कशी हाय? बाया हसून हसून खालीच बसायच्या. चप्पल दाराबाहेर काढायची, निघताना जाते न्हाई, येते म्हणायचं, मोठ्या माणसाला नावानं हाक मारायची न्हाई, मराठी शब्दांपासनं सगळं आईला विचारून वहीत लिहून घ्यायची. सकाळी आईशेजारी बसून वंदना म्हणायची, लय गोड म्हणायची.

पाहुण्यांना नाष्टा तीच वाढायची. गोरी पोरगी मराठी बोलती म्हणून लोक खूश, आणि मला विचारायचं ते तिला विचारायला लागले. तवा मी तिला शिकवलं, कुणी आडनाव विचारलं तर पाटील सांगायचं. तिनं तेपण वहीत लिहिलं. लिहिताना मी बघत होतो. तरी हात धरला न्हाई तिचा.

एका रविवारी पुण्याचं एक कुटुंब आलं. आईच्या हातच्या भाकरीवर सगळे लट्टू. त्यातल्या म्हाताऱ्यानं क्लाराला विचारलं, काय गं, कोण म्हणायची ही मंडळी? आई टोपल्यात गरम भाकरी घेऊन दारातच उभी. आणि क्लारा छाती काढून म्हणाली, आमी पाटील हाय, आबा. हसू फुटलं सगळ्यांना. वा, म्हणले, पोलंडची पाटलीण! मीबी हसलो. आई टोपलं तसंच घेऊन आत गेली.

पाहुणे गेल्यावर आईनं तिला जवळ बसवलं, म्हणली, पोरी, हे कुणी शिकवलं? भाऊंनी. मग तुला काय वाटलं? क्लारा म्हणली, मला वाटलं हीपण हितली रीत हाय, चप्पल काढून ठेवतात तसं पाहुण्यांपुढं आपलं नाव काढून ठेवायचं. मी तितंच उभा. माझ्याकडं वळून म्हणाली, भाऊ, माझं चुकलं का?

काय सांगणार तिला? ती पोरगी आमच्यात राहायला इतकं सोसून एकेक गोष्ट शिकली, आणि मी तिला माझी लाज शिकवली. आई म्हणली, दिल्या, उद्यापासनं पाहुण्यांना मी भाकरी थापणार न्हाई. पाटलाच्या घरी पाटलीण थापंल.

चार दिवस मी पवनानगरातनं पाव आणले. आई माझ्याशी बोलली न्हाई, आणि क्लारा चोरावानी वावरायची, तिचा गुन्हा नसताना. पाचव्या दिवशी मी दोन्ही तसबिरी पुढच्या खोलीत लावल्या, दारात शिरल्या शिरल्या दिसतील अशा. पत्रा आणला, बोर्ड केला, ओव्हाळ यांचं घर, राहण्याची व जेवणाची सोय. अक्षरं मी काढली, निळा रंग क्लारानं भरला.

कुणा गिऱ्हाईकानं सांगितलं असंल, एजंटाचा फोन आला. भाऊ, हे कशाला उगाच? मी जातपात मानत न्हाई, पण गिऱ्हाईकाचं बघावं लागतं, फोटो आत घ्या, बोर्डावर नाव कशाला? मी म्हणलं, तू मानत न्हाईस ना, मग पाठव गिऱ्हाईक. त्यानं पाठवणं बंद केलं. करू दे.

क्लारा गेली, आता आईला फोन करती, दोघी काय बोलतात त्यांचं त्यांना ठाऊक. जितं असंल तितं सुखात राहू दे पोरगी. आई पुन्हा भाकरी थापती, पण मला माफ केलं का, ते मी अजून विचारलं न्हाई. धीर होत न्हाई. तंबू निम्मे गुंडाळून ठेवलेत. गडावर जाणारी तरणी पोरं येतात, जेवतात. मागच्याच आठवड्यात एक गाडी बोर्डापाशी थांबली, आतल्यांनी वाचला, आपसात बोलले, गाडी मागं घेतली. आधीचा असतो तर पळत गेलो असतो. मी पायरीवर बसून बघत राहिलो, त्यांनीबी मला बघितलं.

आणि तुमी मगाशी म्हणाला ना, भाऊ, छापताना नाव बदलू, तुमाला गावात तरास नको. तरास व्हायचा तो हून दे. दिलीप सखाराम ओव्हाळ. असंच छापा.