सामान आणायला गेलाय, येतोच

परंड्यातले माझे सगळे भाऊ-बहीण, पेठेतले दुकानदार, सोनारीहून भर उन्हात आलेले काळे गुरुजी, आणि तिकडं बायकांमध्ये बसलेल्या यासीनभाईंच्या घरच्या, आमच्या शमीमभाभी... मला बोलता येईल की नाही, मला माहीत नाही. यासीनभाईंच्या शोकसभेला मी यायला तयारच नव्हतो. बोलणारे यासीनभाई होते. मी चिडणारा होतो. आमच्यात कामाची वाटणी अशीच होती.

ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगतो. स्टँडजवळच्या फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानावर पाटी आहे, "यासीन-मधुकर". त्यातला मधुकर मी. नवीन लोकांना वाटायचं, मधुकर म्हणून कुणी नसेलच. कारण माझ्या बायकोची नर्सची नोकरी, तिची बदली धाराशिवला झाली, मी तिकडं गेलो आणि तिकडंच कामं करायला लागलो. पाटी मात्र यासीनभाईंनी बदलली नाही. कुणी विचारलं, "मधुकर कुठंय?" तर म्हणायचे, "सामान आणायला गेलाय, येतोच."

वर्षानुवर्षं हेच सांगितलं त्यांनी. लोक हसायचे. मी फोनवर चिडायचो, "यासीनभाई, लोकांना काय वाटंल? एवढा वेळ कुठलं सामान आणतोय मी?" तर म्हणायचे, "तू ये तर, मग सामानाचं बघू."

दुकानात दोन स्टूल होते. एकावर ते बसायचे. दुसऱ्यावर कुणी बसलं की म्हणायचे, बसा की, पण मधुकर आला की उठावं लागंल. परवा मी त्या स्टुलावर बसलो. मला कुणी उठवलं नाही.

एक गोष्ट सांगतो. आमच्या धंद्यातली आहे, पण अवघड नाही. त्याशिवाय तुम्हाला यासीनभाई कळायचे नाहीत.

एसीमध्ये एक छोटा फिल्टर असतो. तांब्याचा, बोटाएवढा. आतल्या गॅसमधला ओलावा आणि कचरा तो धरून ठेवतो. आणि एसीमध्ये एक जागा लई अरुंद असते, केसासारखी बारीक नळी. त्या नळीत ओलावा गेला की तिथं बर्फ धरतो आणि मशीन थंड करायचं थांबतं. म्हणून फिल्टर त्या बारीक नळीच्या अगोदर बसवायचा. अगदी लगत. एवढंच. सगळं शास्त्र एवढंच आहे.

पण आम्ही दोघं फ्रिजवर शिकलेलो. फ्रिजचं सगळं मागं, डोळ्यासमोर. मग घरोघरी भिंतीवरचे एसी आले. बाहेरच्या डब्यात कॉम्प्रेसर आणि बारीक नळी, दोन्ही आतच. कंपनीनं फिल्टर कॉम्प्रेसरच्या मागं असा खुपसलेला, की हात जाईना. आणि आपल्याकडचं गिऱ्हाईक कसं आहे? नवीन सामान टाकलं तर ते डोळ्यांनी बघायचं असतं. दिसलं नाही तर टाकलंच नाही! मग आम्ही काय केलं? एका डॉक्टरांच्या घरी नवा फिल्टर बाहेर भिंतीवरच्या पाइपात बसवला. चकचकीत. दिसायला झकास. डॉक्टरांच्या मातोश्रींनी शेजारणीला बोलवून दाखवला. आम्ही दोघं चहा पिऊन रुबाबात निघालो.

मशीन घटकाभर चालायचं आणि थांबायचं. बंद करून ठेवलं की परत चालायचं, परत थांबायचं. बारीक नळी होती डब्यात, आणि आम्ही फिल्टर लावला तिच्या नंतर. गॅस तिथून निघून गेल्यावर आम्ही राखण बसवली होती!

आम्हाला कळलं तेव्हा यासीनभाई डॉक्टरांच्या अंगणातच खाली बसले आणि हसत सुटले. मी चिडलो होतो, ते हसत होते. म्हणाले, "मध्या, आपुन दोघं व्हतो. दोघांतल्या एकानं तरी इचारायचं न्हाय का?"

त्या दिवसापासून आमचा नियम झाला. ज्याच्या हातात पाइप सांधायची गॅसची टॉर्च, त्यानं विचारायचं, "कुठं बसवू?" दुसऱ्यानं तोंडानं जागा सांगायची. मगच टॉर्च पेटवायची. माहीत असलं तरी विचारायचं. कारण मशीन-मशीनमध्ये फरक असतो. एखाद्या बंगल्यातल्या मोठ्या मशीनची अरुंद जागा घराच्या आत असते, तिथं फिल्टर आतल्या डब्याजवळ बसतो. म्हणून आधी अरुंद जागा शोधायची, मग फिल्टरची जागा ठरवायची. फिल्टरवर छापलेला बाण गॅस ज्या दिशेनं जातो त्या दिशेला. आणि फिल्टरची रबरी टोपणं अगदी शेवटी काढायची. आधी काढली तर तो उघड्या हवेतलाच ओलावा पिऊन बसतो, मग उपयोग काय त्याचा?

मी धाराशिवला गेलो. मला वाटलं, नियम संपला. तर पहिल्याच उन्हाळ्यात फोन. "मध्या, ईट गावाला आलोय. पाटलाच्या घरी. कुठं बसवू?" मी म्हणालो, "यासीनभाई, तुम्हाला माहीत नाही व्हय?" ते म्हणाले, "माहीत हाय. तू सांग."

मग हे सुरूच राहिलं. मी शिडीवर, फोन वाजणार. मी जेवायला बसलेला, फोन वाजणार. कधी मी वैतागून म्हणायचो, "माझ्या डोक्यावर बसवा!" ते शांतपणे म्हणायचे, "तिथं जागा न्हाय. नीट सांग." मी सांगायचो, "बारीक नळीच्या अगोदर, लगत, बाण नळीकडं." मग म्हणायचे, "हां. आता पेटवतो." आणि फोन ठेवायच्या आधी एक वाक्य ठरलेलं. "कधी येतोस?"

मी म्हणायचो, पुढच्या उन्हाळ्यात. आणि यंदा ते खरं होतं, बायको पुढच्या उन्हाळ्यात रिटायर होणार आहे. हे आमचं ठरलेलं होतं, भाभी, तुम्हाला माहीत आहे. मी परंड्यात परत यायचं. सकाळी दोघांनी दुकान उघडायचं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं समोर उभं राहून सांगायचं, फोनवर नाही. मला दुसरं काही नको होतं हो. एवढ्यासाठी मी किती उन्हाळे तिकडं काढले.

काळे गुरुजी, आता तुमच्या घरचं सांगतो. गुरुजींच्या पत्नी आजारी आहेत, अंथरुणाला खिळलेल्या आहेत. उन्हाळा त्यांना सोसत नाही, म्हणून एसी. तो बंद पडला आणि यासीनभाई सोनारीला गेले. पाइप कापला, जुना फिल्टर काढला. आणि मला फोन केला. "मध्या, कुठं बसवू?"

मी आवाज ऐकला. थकलेला वाटला. मी म्हणालो, "आधी घरी जा. जेवा. घटकाभर पडा. मग सांगतो." ते म्हणाले, "लई शहाणा झालास." पण ऐकलं त्यांनी. गुरुजी, तुम्ही बघितलंय, पाइपाची तोंडं चिकटपट्टीनं बंद करून ते निघाले. घरी आले, जेवले. भाभींना म्हणाले, जरा पाठ टेकतो, मध्या जागा सांगनार हाय. पाठ टेकली ती टेकलीच.

त्यांना तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, घरी माणसांत गेले, आपल्या अंथरुणावर गेले, हे बरं झालं. मी मान हलवली. पण माझं जागा सांगायचं राहिलंच ना. ते माझ्या उत्तराची वाट बघत झोपले.

भाभींनी दुसऱ्याच दिवशी त्यांची पिशवी माझ्या हातात दिली. आत टॉर्च, पाना आणि गुरुजींच्या एसीचा नवा फिल्टर. दोन्ही टोपणं जागच्या जागी. भाभी म्हणाल्या, "मधुभाऊ, बारीक नळीच्या अगोदर, लगत. बाण नळीकडं. एवढी वर्षं ऐकतेय, मला बी पाठ झालं." आणि मग आम्ही दोघंही रडलो. काय लपवायचं त्यात?

गुरुजींनी मला एकदाही विचारलं नाही, काम कधी करतोस म्हणून. घरात आजारी माणूस, वर पत्रा तापलेला, तरी विचारलं नाही. गुरुजी, मी रोज पिशवी घेऊन दुकानापर्यंत यायचो आणि परत जायचो. मला टॉर्च पेटवता येईना. जागा मला माहीत आहे. भाभींना माहीत आहे. आता तर या सगळ्या मांडवाला माहीत झाली. पण ज्यानं सांगायचं तो आवाज कुठून आणू? एवढं माहीत असून माणूस इतका अडतो, हे मला कधी वाटलं नव्हतं.

उद्या सकाळी मी सोनारीला येतो, गुरुजी. काकूंना सांगा. आणि दुकान मी उघडणार आहे. बायको म्हणाली, तू हो पुढं, मी नोकरी संपवून येते. पाटी आहे तशीच राहील. कुणी विचारलं, यासीनभाई कुठंयत, तर काय सांगायचं, ते मी ठरवलंय. त्यांनी माझ्यासाठी जे सांगितलं, तेच मी सांगणार.

आता एक विनंती. सगळे जरा उभे राहा. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसून राहावं, यासीनभाई रागवायचे नाहीत. मी एकदा, नियमाप्रमाणं, विचारतो. उत्तर यायला फोनवर जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ कुणी बोलू नका. त्यानंतर ज्यानं त्यानं आपापल्या रीतीनं त्यांच्यासाठी मागणं मागावं. माझा जय भीम आणि माझा सलाम, दोन्ही त्यांना पोचतील.

यासीनभाई, मी आलोय. सामान घेऊन आलोय. टोपणं अजून काढलेली नाहीत.

सांगा, कुठं बसवू?