खोकल्यापुरतं तिकीट

भिकाऱ्यांवरच्या सिनेमाच्या रांगेत मागून कुणाचा तरी पदर खेटला, तसा शिंपी न बघताच म्हणाला, "सुटे नाहीत, पुढे जा."

"मागत नाही दादा. तिकिटाची रांग हीच का, एवढंच विचारतेय."

शिंपी वळला. बोलणारी कुबडीवर होती. तिच्या खांद्यावर हात ठेवून तिची थोरली जाऊ उभी होती, आंधळी. शिंप्याने "हीच" म्हणून तोंड फिरवलं, पण कान मागेच राहिले.

"कालच तर आलो होतो, जाऊबाई."

"काल शेजारचे मेले वेफर्स चघळत होते. काही म्हणता काही ऐकू आलं नाही."

"ऐकायचंय काय? पडद्यावर तोंड भावजींचं आणि आवाज कुणा भलत्याचा. सिनेमावाल्यांनी तीन दिवस पुलाखाली बसवलं, वर म्हणतात, याचा आवाज भिकाऱ्यासारखा वाटत नाही!"

"खरंय ते. मागायचा तोसुद्धा ऐटीत. जावयाने अजून वाढा म्हणावं तसा."

"माणूस गेला, आवाजही गेला. आता कशाला जिवाला लावून घेता?"

"खोकला राहिलाय गं."

"म्हणजे?"

"पुलाखालचं गाणं संपलं की दोनदा खोकतो. तो त्याचाच. चोवीस वर्षं उशाशी ऐकलाय, मला फसवतात होय? बदलायचा राहून गेला त्यांच्या हातून."

धाकटीने कुबडी पुढे टेकली. रांग सरकली. शिंप्याच्या पाठीला थोरलीचं बोट लागलं.

"दादा, तुम्ही याच खेळाला ना?"

"हो, मावशी."

"मग गाणं संपलं की तेवढं गप्प बसाल?"