अरुणीचा हात

आई : हे असं अर्धंमुर्धं नको सांगू. तुझ्या बायकोच्या हाताला झालं काय?

प्रसाद : हाताला काहीच नाही झालेलं, आई. तोच तर प्रॉब्लेम आहे.

आई : मग खालची खटखट काहून बंद आहे? मी नागपूरहून आले तेव्हा माझा चहा व्हायच्या आधीपासून बेसमेंटमधून बॉलांचा आवाज यायचा. आता नुसती त्या स्नूकरच्या टेबलाभोवती फिरून राहिली.

प्रसाद : तीन महिन्यांपूर्वी इंग्लंडला काय झालं, ते मी तुला खरं सांगितलं नाही.

आई : हरली म्हणालास.

प्रसाद : खेळताच आलं नाही तिला. सेमीफायनल होती. समोर काळा बॉल, अगदी भोकाच्या तोंडाशी. तूसुद्धा घातला असतास. ती वाकली, काठी मागे घेतली, आणि हात तिथेच अडकला. पुढे येईना. उठली, परत वाकली. परत तेच. रेफरी बिचारा तिच्याकडे बघायला नको म्हणून छताकडे बघत होता. शेवटी तिने समोरच्या मुलीशी हात मिळवला आणि काठी पेटीत ठेवली.

आई : अगं बाई! आणि तू?

प्रसाद : मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. बसूनच राहिलो.

आई : घाबरली असेल रे. एवढे लोक बघतात म्हटल्यावर…

प्रसाद : घाबरणारी आहे का ती? थायलंडला, कोरातला, तिच्या वडिलांचा स्नूकरचा हॉल होता. टेबलापर्यंत हात पुरत नव्हता तेव्हा सोड्याच्या क्रेटवर उभी राहून खेळायची. दांडगे ट्रकवाले हरायचे आणि चिडून निघून जायचे. पुढे बँकॉकला नॅशनल जिंकली. पुरुषांत जो जिंकला त्याला मोटरसायकल दिली. हिला राइस कुकर.

आई : तो किचनमधला? कान तुटलेला?

प्रसाद : तोच.

आई : अन् मी त्यात काल खिचडी लावली! मला कोणी सांगायचं तर!

प्रसाद : ती रोज लावते त्यात भात. तिला त्याचं काही नाही.

आई : मग इतकं चांगलं खेळत होती तर अमेरिकेत काहून आली?

प्रसाद : बायकांच्या स्नूकरला विचारतं कोण? इथे निदान बायकांचा पूल, स्नूकरसारखाच खेळ, टीव्हीवर दाखवतात. म्हणून दोन हजार एकला एकटी आली. पूल खेळली, जिंकलीसुद्धा. ऑफिसच्या लोकांबरोबर मी शिकागोच्या एका हॉलमध्ये गेलो होतो, तिथे पहिल्यांदा बघितली. तिचा खेळ बघितला आणि हातातली काठी गुपचूप भिंतीला टेकवून ठेवली मी. पण पुलाचं टेबल छोटं ना, आई. ती म्हणते, हे म्हणजे अंगणात पळायची शर्यत. म्हणून तर नेपरव्हिलचं हे घर घेतलं. इथलं बेसमेंट मोठं होतं, स्नूकरचं पूर्ण टेबल मावलं.

आई : आणि तिला दाखवायला नेतोस तो डॉक्टर काय म्हणतो?

प्रसाद : न्यूरॉलॉजिस्ट. तो म्हणाला, लहानपणापासून एकच हालचाल लाखो वेळा केली की कधीकधी मेंदूतली तेवढीच एक वाट बुजते. बाकी सगळं चालतं. गाडी चालवते, पोळ्या लाटते, तुझ्या सुईत दोरा ओवून देते. फक्त काठी पुढे ढकलायची म्हटलं की हात ऐकत नाही. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. आता माझ्याकडे द्यायला काही नाही, असं सरळ म्हणाला तो.

आई : मी रोज तीळतेल चोळून देते तिला. काल म्हणाली, आई, छान वाटते.

प्रसाद : तुला बरं वाटावं म्हणून चोळून घेते ती.

आई : असू दे. मी चोळीन तरी.

प्रसाद : चोळ.

आई : खरं सांगू का तुला? सुनेचा खेळ सुटला, आता घरात लक्ष घालेल, पाळणा हलेल, असं वाटून आनंद व्हायला पाहिजे होता मला. नाही होऊन राहिला. ती टेबलापाशी अशी उभी असते नं… परवा मी दाराशी गेले अन् तशीच परत फिरले.

प्रसाद : काल मला विचारलं तिने. म्हणाली, तू सांग, थांबू का?

आई : मग?

प्रसाद : मी म्हटलं, तुला वाटेल ते कर.

आई : हे काय उत्तर झालं, प्रसाद?

प्रसाद : थांब म्हटलं असतं, तर तिच्याकडे उरलेलं मीच काढून घेतलं असतं. खेळ म्हटलं असतं, तर मीच तिला परत त्या काळ्या बॉलसमोर नेऊन उभं केलं असतं. तू काय म्हणाली असतीस?

आई : मी तेलाची वाटी घेऊन बसले असते तिच्यापाशी, बापा.

प्रसाद : ती म्हणाली, ओके. आणि भांडी लावायला गेली.

आई : हळू बोल. आली ती वर.

अरुणी : प्रसाद, ट्रेन?

प्रसाद : आज घरून काम करतो. केवढा बर्फ पडलाय.

अरुणी : ट्रेन चालू आहे. मी फोन करून विचारला. तू जा. आई, तुम्ही खाली या.

आई : मी? मी खाली येऊन काय करू, बाळा?

अरुणी : बसा. आज मी डावा हात खेळते.

प्रसाद : अरुणी, डाव्या हाताने? सगळं पहिल्यापासून? इट विल टेक…

अरुणी : माहीत आहे. टाइम किती, माहीत आहे. कदाचित कधीच नाही, ते पण माहीत आहे.

प्रसाद : मग मी थांबतो ना. मी येतो खाली. एक शब्द बोलणार नाही.

अरुणी : तू बोलत नाही. तू बघते. तू बघते तेव्हा तुझ्या डोळ्यात जुनी अरुणी असते. मला दिसते ती. मग हा हात पण थांबेल.

प्रसाद : आणि आई बसली तर चालेल?

अरुणी : आईला माहीत नाही चांगला खेळ काय असते. म्हणून आई.

आई : हे मात्र खरं बोलली. मला काय कळतं त्यातलं! चल ग. प्रसाद, ती शाल दे माझी, खाली गारठा असतो. आणि तू निघ आता. असा दारात खांबासारखा नको उभा राहू.

(दोघी खाली जातात. प्रसाद कोट चढवून, बूट घालून, जिन्याच्या तोंडाशी थांबतो.)

आई : हं, मार आता. नाही लागला? राहू दे. पुन्हा मार.

अरुणी : आई, थोडा बाजूला.

आई : सरकले. मार. हाही नाही? जाऊ दे, घाई कोणाला आहे इथे. मार… गेला! गेला ग बाई! कसा सरळ भोकात गेला पांढरा!

प्रसाद : आई, पांढरा जायचा नसतो. पांढरा गेला की फाउल होतो.

अरुणी : प्रसाद, तू जा. … हो, आई. गेला.