सानिकाचा कॅल्क्युलेटर

टेबलाचा खण बंद होईना, तिथून सुरुवात झाली. काय अडकलंय म्हणून आत हात घातला, तर सानिकाचा कॅल्क्युलेटर.

सांगते. सानिका मस्कतला वाढलेली. वडील मूळचे माळशिरसचे, आता सोलापुरात परत आलेले. ती माझ्याकडे ए लेव्हलचं फर्दर मॅथ्स शिकायला यायची, म्हणजे ब्रिटिश अभ्यासक्रमातलं आपल्या बारावीच्याही वरचं गणित. मी आपली बोर्डाच्या शिस्तीतली. पहिल्याच दिवशी बजावलं, ‘कॅल्क्युलेटर माझ्याकडे जमा करायचा.’

‘मॅडम, आमच्या परीक्षेत लागतो.’

‘परीक्षेच्या आधी देईन की परत.’

दुसऱ्या दिवशी तिने मुकाट आणून दिला. मी तो खणात टाकला आणि विसरले.

आणि आज दीड वाजता पुण्यात तिचा पेपर. कितीतरी गणितं अशी, की कॅल्क्युलेटरशिवाय सुटणारच नाहीत. घड्याळात एक वाजून गेलेला.

तिचा फोन बंद. वडिलांचा नुसता वाजतोय. सहा वेळा लावला. माझी आई म्हणाली, ‘अगं, पाणी तरी पी.’ तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि दचकून फोनच हातातून पडला. उचलून सातव्यांदा लावला.

‘बोला मॅडम,’ वडील निवांत. ‘आत्ताच आत सोडली की तिला.’

‘काका, तिचा कॅल्क्युलेटर माझ्याकडेच राहिलाय.’

‘त्यो व्हय? त्यो कवाच बंद पडलाय. चांगला तिच्या दप्तरातच असतोय रोज. बटण दाबून बघा की.’