नीलदुर्गचा शेवटचा रविवार

(सन २००८. जुना जालना. वसंताचं इंटरनेटचं दुकान. रविवारची दुपार. समोर त्याचा वर्गमित्र तातेराव, अंबडच्या कोर्टातला वकील.)

तातेराव : उद्यापर्यंत, वसंता. गेमच्या कंपनीच्या वकिलाला मी शब्द देऊन आलोय. नीलदुर्ग गेमचा हा सर्व्हर बंद केलास तर केस नाही.

वसंता : बंद तर त्यहीनंच केल्ता, तात्या. दोन वर्षांखाली एका सकाळी गेम लावला तर नीलदुर्ग गायब. इतकी पोरं खेळत व्हती, कुणाला इचारलं का? मंग आम्ही चौघापाच जणांनी जुन्या फायली जमवल्या आन् ह्या मशीनवर चढवल्या. कुणाचा रुपाया घेतला न्हाई.

तातेराव : म्हणून तर केस टळतेय. पण गेम त्यांचाच. मालक घराला कुलूप लावून गेला, तरी घर त्याचंच राहतं.

वसंता : पडून व्हतं घर. मी झाडून काढलं, दिवा लावला. ह्यात चोरी कोणती?

तातेराव : कुलूप तोडलंस, ती. मित्र म्हणून विचारशील तर तुझं मला पटतं. पण कोर्टात माझ्या पटण्याला कोण विचारतो? आणि खेळणारे उरलेत किती? दुसरा गेम लावून दे त्यांना.

वसंता : बाकीच्याला देईन. ही पडद्यावर नदीकाठी बसलीय, हिला कोणता देऊ?

तातेराव : कोण ही?

वसंता : डोक्यावरचं नाव वाच की.

तातेराव : झुंबर. तुमच्या आजीचं नाव ना हे?

वसंता : आजीचंच. आमची नंदा गेममधी घ्यायची ते. त्या खिडकीजवळच्या मशीनवर बसायची. लढाई न्हाई, काई न्हाई. मासे धरायची आन् सोडून द्यायची, म्या लई हसायचो. मागच्या पोळ्याला ही आली. सरळ नदीवर गेली, मासा धरला, सोडून दिला. तवापासून दर रयवारी येती.

तातेराव : अरे, तुझ्या बहिणीचं तर तुझ्या वडिलांनी, दादांनीच, दहावं घातलं.

वसंता : घातलं. जातीबाहेर लगीन केलं म्हनून जित्या लेकीचं दहावं. गाव जेवलं. माझं डोकं भादरलं.

तातेराव : कुठं असते ती?

वसंता : ठावं न्हाई.

तातेराव : सर्व्हर तुझा. कोण कुठून जोडलं गेलं, त्याची नोंद उमटत असेल की.

वसंता : उमटायची. पुसली, आन् उमटायचंच बंद करून टाकलं. ती गेली तवा दादा आन् काका इथं आल्ते. कम्प्युटरातून गाव काढून दे म्हनले. काकाच्या हातात काठी व्हती, तात्या. मला ठावं असलं तर माझ्याकडून कुणीबी काढून घेईल. नकोच ते.

तातेराव : मग तिला तुझा नंबर तरी लिहून पाठव.

वसंता : नंबर तोच हाय माझा, तिला पाठ हाय. करायचा असता तर केला नसता का? भेती ती. म्या वळखलं हे कळलं आन् परत आलीच न्हाई तर? ती बोलत न्हाई, मी बोलत न्हाई. निस्ता बघत राह्यलो. जिती हाय, एवढं कळतं. जीव तुटतो रे लई.

पुष्पाबाई : (दुकानात येत) आली का रं माझी बाई?

वसंता : आली, आई. बस. हा तात्या, माझ्या वर्गात व्हता.

तातेराव : नमस्कार, मावशी. म्हणजे तुम्हाला माहीत आहे?

पुष्पाबाई : बाजाराला म्हनून येते मी. जाताना भाजी नेते, न्हाईतर ह्यचे दादा इचारतेत. वसंता, ती निळ्या कपड्याची ना? वाळली का रं?

वसंता : चित्र हाय ते, आई. वाळत न्हाई. ऐक, उद्या हे बंद व्हनार.

पुष्पाबाई : बंद म्हंजी?

तातेराव : गेम दुसऱ्यांचा आहे, मावशी. ऐकलं नाही तर केस होईल. मशीन जप्त होईल, दुकान बुडेल. खेळणाऱ्यांचीही चौकशी होईल.

पुष्पाबाई : तिलाबी हुडकतील?

तातेराव : शोधू शकतात. इथली नोंद पुसली तरी टेलिफोन खात्याकडं असते.

पुष्पाबाई : मंग करा बंद. पर आज तिची वटी भरून दे, वसंता. लगीन झालं आन् पोर रिकाम्या पदरानं गेली.

वसंता : गेममधी कशी भरू, आई?

पुष्पाबाई : मालक तू ना तिथला? नारळ न्हाई का?

वसंता : नारळ न्हाई. एक गोल फळ हाय. धान्यात निस्ते गहू हायेत.

पुष्पाबाई : आपन गव्हाचीच भरतो. आन् खण?

वसंता : हिरवं कापड हाय. चालंल?

पुष्पाबाई : चांगलं हाय की. आन् तिच्याम्होरं हा कोण दाढीवाला?

वसंता : मी.

पुष्पाबाई : दाढीवाला वटी भरतो व्हय रं? बाईमानूस कर.

वसंता : करतो. नवीन घ्यावी लागंल. हं, ही घे. नाव काय लिवू हिचं?

पुष्पाबाई : आई लिव्ह.

वसंता : मंग तिला कळंल.

पुष्पाबाई : कळू दे. आता कशाला भ्यायचं? उद्या तर ही जागाच न्हाई.

वसंता : लिवलं. नदीवर आलो. तिनं गळ खाली ठेवला, आई. हे फळ दिलं. हे कापड. हे गहू.

पुष्पाबाई : घेतलं का?

वसंता : समदं घेतलं. उठून उभी राह्यली.

तातेराव : खाली काय ठेवलं तिनं?

वसंता : गहू. मूठभर तुझ्या पायाशी ठेवले. नको असतील का तिला?

पुष्पाबाई : न्हाई रं, येड्या. वटीतले दाने माहेरात ठेवून जातेत लेकी. घर भरलेलं राहावं म्हनून. मीच शिकवलं व्हतं तिला.

तातेराव : मावशी, रडू नका.

वसंता : गेली, आई. नाव मिटलं. थांबू का घडीभर? येईल कदाचित परत.

पुष्पाबाई : वटी घेतल्यावर लेक माघारी वळत न्हाई, बाळा. कर बंद.